'अमेरिकेबरोबर लढलेले' म्हणजे नक्की कुणाच्या बाजूने? (शब्दचर्चा)

मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलजवळ राहतो. कंबोडियाहून आलेल्यांची इथली वस्ती अमेरिकेतल्या मोठ्या वस्त्यांपैकी एक. त्यांच्यातल्या, व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेच्या साथीने लढलेल्या म्हाताऱ्या सैनिकांच्या सन्मानाविषयी मंडळाच्या अंकासाठी लिहितोय आणि पहिल्याच वाक्यात अडकलोय.

'अमेरिकेशी लढलेले' म्हटलं की अर्थ सरळ उलटा होतो. 'अमेरिकेबरोबर लढलेले' माझ्या कानाला ठीक वाटलं होतं, पण बायकोने वाचून विचारलं, "म्हणजे विरुद्धच ना?" तिचंही खरं आहे, 'शेजाऱ्याबरोबर भांडला' असं आपण म्हणतोच. मग काय लिहू? आणि 'व्हेटरन'ला 'माजी सैनिक' चालेल का? 'दिग्गज' सुचवू नका, तो शब्द क्रिकेट समालोचकांनी नेला.

———

भांडणे, लढणे, खेळणे या क्रियापदांपुढे 'बरोबर' दोन्हीकडे झुकतो. 'मुंबई विदर्भाबरोबर खेळली' यात विदर्भ प्रतिस्पर्धीच असतो. 'च्या बरोबरीने' केलंत तर घोळ मिटतो, पण त्यात समान दर्जा आपोआप येतो. तो होता का, हे तुम्ही ठरवा. 'वतीने' नको, त्यात मुखत्यारपत्राचा वास आहे. 'खांद्याला खांदा लावून' भाषणात वापरून वापरून झिजलंय.

मी 'च्या बाजूने' लिहीन.

———

'बाजूने' मला खटकतं. त्यात युद्ध अमेरिकेचं ठरतं आणि कंबोडियन नुसते एका बाजूला जाऊन उभे राहिलेले. अव्यय निवडण्याआधी कोणते सैनिक ते ठरवावं लागेल, कारण त्यांच्यात दोन अगदी वेगळे गट आहेत.

एक गट ख्मेर क्रोम. ख्मेर म्हणजे कंबोडियातला बहुसंख्य समाज, आणि हे त्यांच्यातले दक्षिण व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात पिढ्यान् पिढ्या राहणारे. अमेरिकी स्पेशल फोर्सेसनी उभारलेल्या अनियमित तुकड्यांत हे १९६० च्या दशकात भरती झाले. छावणी एक, गस्त एक, पगार आणि बंदूक अमेरिकेची. आपल्या जुन्या भाषेत बारगीरच म्हणा, घोडा सरकारचा! यांच्यापुरतं 'खांद्याला खांदा' शब्दशः खरं आहे, झिजलेलं असलं तरी.

दुसरा गट कंबोडियाच्या नियमित सैन्याचा. १८ मार्च १९७० ला राष्ट्रप्रमुख सिहानुक यांना पदच्युत करून पंतप्रधान जनरल लोन नोल सत्तेवर आले, ऑक्टोबरात राजेशाही जाऊन ख्मेर प्रजासत्ताक जाहीर झालं. या सैन्याच्या अनेक बटालियन अमेरिकनांनी दक्षिण व्हिएतनाममध्ये नेऊन तयार केल्या. पण कंबोडियात शिरलेलं अमेरिकी पायदळ जून १९७० अखेर परत गेलं होतं, आणि पुढे अमेरिकी काँग्रेसने पायदळच काय, सल्लागार पाठवायलाही बंदी घातली. म्हणजे जमिनीवर हे एकटे आणि मित्र आकाशात. तेही १५ ऑगस्ट १९७३ पर्यंतच, त्या दिवशी बॉम्बफेक थांबली. त्याच्या नऊच दिवस आधी एका अमेरिकी बी-५२ बॉम्बफेकी विमानाने चुकून न्याक लुअंग या गावावर बॉम्ब टाकले होते. गाव यांच्याच ताब्यातलं. शंभरावर माणसं मेली, त्यात सैनिक आणि त्यांची बायकापोरं. इथे 'बरोबरीने' कसं लिहिणार?

———

सगळेच काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. त्या सैन्यातले अधिकारी पगारपत्रकावर कागदी शिपाई दाखवून पैसे खात, हे अमेरिकनांनाही माहीत होतं. सन्मान करा, पण हेही राहू द्या.

———

कागदी शिपायांच्या पगाराचा हिशेब खंदकातल्या खऱ्या शिपायाकडे कशाला मागायचा?

मी शब्दाकडे वळतो. ख्मेर भाषेत माजी सैनिकाला जो शब्द आहे तो लिहितात 'अतीत-युद्ध-जन'. उच्चार बराच वेगळा होतो, पण अक्षरं हीच. तिथल्या सरकारी मंत्रालयाच्या नावातही तो आहे. आता आपला 'माजी' बघा. तो अरबी-फारसी 'माज़ी', अर्थ गेलेला काळ. त्यांनी संस्कृतातून घेतला, आपण फारसीतून, घडण तीच. मित्रराष्ट्राला त्यांचा शब्द 'सम्बन्धमित्त'. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत दुसऱ्या महायुद्धातली 'दोस्त राष्ट्रे' असतात. यातही मैत्री दोन्हीकडे आहे, पण नुसती मैत्री आणि 'संबंध' जोडलेली मैत्री यांत मला फरक वाटतो.

तेव्हा 'माजी सैनिक' बिनधास्त लिहा. फक्त मराठीत त्या शब्दामागे पेन्शन, ओळखपत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असं सगळं उभं राहतं. या लोकांचं राज्यच १७ एप्रिल १९७५ ला राजधानी नोम पेन्ह पडल्यावर नाहीसं झालं. पुढे ख्मेर रूजच्या, म्हणजे ती जिंकणाऱ्या कम्युनिस्ट बंडखोरांच्या, राज्यात 'लोन नोलचा शिपाई' अशी ओळख पटणं म्हणजे बहुधा मरण, म्हणून कित्येकांनी गणवेश पुरला आणि आपण शेतकरी असल्याचं सांगितलं. 'माजी' म्हणवून घ्यायलासुद्धा जिवंत आणि परक्या देशात पोचावं लागलं.

———

'सन्मान'बद्दल कुणी बोललं नाही. 'मानवंदना' गणवेशातल्या तुकडीने द्यायची असते, 'सत्कार' शाल-श्रीफळाचा. मला वाटतं या माणसांच्या बाबतीत नेमका शब्द 'मान्यता' आहे. लाओसमध्ये अमेरिकेसाठी लढलेल्या ह्मोंग आणि लाओ सैनिकांसाठी २०१८ मध्ये कायदा झाला, त्यांच्यातल्या पात्र लोकांना अमेरिकेच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळू लागली. कायद्यात देशाचं नाव लाओस, म्हणून कंबोडियन त्यात येत नाहीत. शाल कितीही घाला.

———

सगळ्यांचे आभार. 'बाजूने' वगळलं. एकाच वाक्यात दोन्ही गट कोंबायचा हट्ट सोडला आणि असं लिहिलं:

"यांतले काही अमेरिकेने उभारलेल्या तुकड्यांत राहून लढले. बाकीचे आपल्याच देशात, अमेरिकेच्या भरवशावर लढले."

'भरवशावर' बायकोने सुचवला. सिरिक मताक आठवले. १२ एप्रिल १९७५ ला अमेरिकी वकिलातीची माणसं हेलिकॉप्टरने नोम पेन्ह सोडून निघाली, तेव्हा या माजी पंतप्रधानांनी सोबत जायला नकार देऊन राजदूताला पत्र लिहिलं, की तुम्हा अमेरिकनांवर विश्वास ठेवला हीच माझी चूक. काही दिवसांतच ख्मेर रूजने त्यांना मारलं.

एक सूचना, कारण मी स्वतः चुकणार होतो: 'ख्मेर क्रोम' आणि 'ख्मेर क्राहोम' एक नव्हेत. क्रोम म्हणजे खालचे, आपल्या कोकणातल्या खलाटीसारखं. क्राहोम म्हणजे लाल, अर्थात ख्मेर रूज. मुद्रितशोधकाने 'ह' गाळला तर मारणारे आणि मारले गेलेले एक होतील.