मदत हवी आहे: रुपये की दिरहम? लवकर सांगा

घोडबंदरची_सून: दुबईत हॉटेलवाला कार्डाचं मशीन पुढे धरून उभा आहे. बिल ९०० दिरहम, खाली २२,३०० रुपये लिहिलंय, दोन्हींतलं एक दाबा म्हणतो. आमचे अहो म्हणतात रुपये दाब, आकडा तरी कळतो. टॅक्सी आलीये.

नौपाड्याचा_नाना: कार्ड कुठलं? डेबिट की क्रेडिट?

वाशीची_माई: दुबईला कार्ड कशाला गं नेलंस! आम्ही इथूनच दिरहम घेऊन जातो. मीना बाजारात रोख दाखवली की भाव लगेच उतरतो.

आकडेमोड: दिरहम दाबा. आज दर २३.४० आहे, म्हणजे ९०० चे २१,०६० होतात. मशीन जवळजवळ सहा टक्के जास्त लावतंय.

नौपाड्याचा_नाना: आणि बँक फुकट करते वाटतं? साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे दरावर बँकेचा जादा चार्ज, त्यावर १८ टक्के जीएसटी. उगाच लोकांना घाबरवू नका.

आकडेमोड: नाना, ते धरूनही २१,९३० च होतात. शिवाय रुपये निवडले तरी परदेशातला व्यवहार म्हणून काही बँका वेगळा चार्ज लावतातच. तो धरलात का?

ऐरोली_एक्सप्रेस: यूपीआय चालत नाही का? दुबईत सुरू झालंय की.

नौपाड्याचा_नाना: ठरावीक दुकानांत. बाई हॉटेलात उभ्या आहेत.

घोडबंदरची_सून: अहो भांडू नका! क्रेडिट नाही, फोरेक्स कार्ड आहे, आधीच परदेशी चलन भरून ठेवतात ते. स्टेशनजवळच्या मनी चेंजरकडून भरून घेतलं.

आकडेमोड: हे आत्ता सांगताय?! भरलंय कशात, डॉलर की दिरहम?

घोडबंदरची_सून: दिरहम. दुबईला जाताना आणखी काय भरणार?

आकडेमोड: मग वरचं सगळं गणित विसरा. दिरहम दाबलं की बरोबर ९०० कापले जातील. रुपये दाबलं तर आधी दिरहमचे रुपये, मग त्या रुपयांचे परत दिरहम. ९५० च्या वर जातील, क्रॉस करन्सी चार्ज (कार्डात नसलेल्या चलनात पैसे दिल्याचा) लागला तर तो वेगळाच.

नौपाड्याचा_नाना: फोरेक्स कार्डाला हे मान्य. क्रेडिटबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे.

ऐरोली_एक्सप्रेस: अवांतर: विमानतळावर गाडी कुठे लावलीत? पुढच्या महिन्यात आम्हीही निघतोय.

घोडबंदरची_सून: दिरहम दाबलं. तरी त्याने स्वतःच रुपयांची स्लिप काढली होती, ती रद्द करायला लावली. दुसरीवर एईडी ९००, म्हणजे दिरहमच, आलंय. टॅक्सीत आहोत. कार्डात १४० उरलेत, त्यांचं काय?

आकडेमोड: ड्युटी फ्रीमध्ये उडवा. परत करताना मनी चेंजर खरेदीचा दर देईल, तो कमी असतो.

नौपाड्याचा_नाना: राहू द्या कार्डातच. मुदत संपायच्या आत पुन्हा जाल की!

वाशीची_माई: खजूर घे गं, बिया काढलेले. आणि केशर नीट बघून घे.