डिश पावसात बंद पडते, सह्याद्री नेटवर लाइव्ह कसं पाहायचं?

संगमेश्वरला सर आली की चित्राचे चौकोन होऊन थिजतात. बाबांना सातच्या बातम्या चुकलेल्या अजिबात चालत नाहीत. कौलांवरचा जुना अँटेना निरुपयोगी, टॉवरच बंद झालाय. फायबर आहे. फुकट काय मिळेल?

– प्रसार भारतीचं वेव्ह्ज अ‍ॅप टाका. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलंय. लाइव्ह वाहिन्यांना पैसे नाहीत.

– ताई, काकांना अ‍ॅपपेक्षा यूट्यूब सोपं पडेल. डीडी सह्याद्री न्यूजचं चॅनल सबस्क्राइब करून द्या. फक्त प्रक्षेपण थोडं मागे असतं, म्हणून सातला काही दिसलं नाही तर लगेच बंद करू नका. आणि मोबाइल डेटावर पाहणार असाल तर चित्राचा दर्जा ४८० पी ठेवा, डेटा कमी जातो.

– दादा, यूट्यूब लागलं! रिमोटवरच्या त्या बटणाला लाल टिकली चिकटवलीय, बाबा स्वतः लावतात. मनापासून आभार.