प्रोटॉन–हायड्रोजन टक्कर: १ एमईव्हीला आयनीकरणाचा आकडा कमी का येतोय?

तन्मय_एमएस्सी

नमस्कार मंडळी. प्रोटॉन आदळल्यावर हायड्रोजनचं आयनीकरण किती होतं, ते मी प्रकल्पासाठी अभिजात यामिकीने (म्हणजे न्यूटनच्या नियमांनी, पुंज यामिकी न वापरता) काढतोय. पद्धत ॲब्राइन्स आणि पर्सिव्हल यांची, १९६६ सालची. इलेक्ट्रॉन केप्लरच्या कक्षेत कुठेतरी यादृच्छिक ठेवायचा, प्रोटॉन लांबून सोडायचा आणि तिन्ही कणांची गतीची समीकरणं (वस्तुमानकेंद्र वगळलं की १२ उरतात) रुंगे-कुट्टाने (संगणकावर पायरीपायरीने) सोडवायची. शेवटी इलेक्ट्रॉन कोणाकडे आहे ते बघायचं. घरच्या केंद्रकापाशी राहिला तर सोडून द्यायचं, पाहुण्या प्रोटॉनबरोबर गेला तर कॅप्चर, दोघांच्याही तावडीतून सुटला तर आयनीकरण.

६० केईव्हीच्या (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या) आसपास क्रॉस सेक्शन (आयनीकरणाची शक्यता क्षेत्रफळाच्या रूपात) साधारण १.४ चौरस अँगस्ट्रॉम यायला हवा, आणि माझा त्याच्या जवळ येतो. पण १ एमईव्हीला (१००० केईव्हीला) मला ०.१५ मिळतो, पुंज यामिकीचं बेथे-बॉर्न सूत्र मात्र ०.२० सांगतं. १ लाख ट्रॅजेक्टरी (टकरींचे मार्ग) घेतल्या, कमाल इम्पॅक्ट पॅरामीटर (प्रोटॉनची सरळ वाट केंद्रकापासून किती बाजूने जाते ते अंतर) ४ बोहर त्रिज्या ठेवला; बोहर त्रिज्या म्हणजे हायड्रोजन अणूच्या आकाराचं एकक. त्यातल्या हजारेक ट्रॅजेक्टरीत आयनीकरण होतं, म्हणजे सांख्यिकी त्रुटी ३ टक्क्यांच्या आसपास. टाइम स्टेप निम्मी केली, कमाल इम्पॅक्ट पॅरामीटर वाढवला, तरी आकडा हलत नाही. कोडमध्ये नेमकं कुठे शोधू?

वैशाली_प्र

तन्मय, कोडमध्ये शोधू नकोस. तुझा ०.१५ बरोबर आहे, म्हणजे अभिजात यामिकीचं उत्तर तेवढंच आहे. माझी पीएचडी याच पद्धतीवर झाली आणि हा फरक मला आजही या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कागदावर पडताळा घे. जे. जे. थॉमसनने १९१२ सालीच इलेक्ट्रॉन स्थिर धरून हिशेब केला होता: बंधनऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा देणाऱ्या सगळ्या रदरफर्ड टकरी (दोन भारित कणांच्या थेट टकरी) मोजायच्या. १ एमईव्ही प्रोटॉनचा वेग इलेक्ट्रॉनच्या बोहर वेगाच्या (हायड्रोजनमधल्या त्याच्या नेहमीच्या वेगाच्या) ६.३ पट. थॉमसनचं सूत्र तिथे ०.०८७ देतं. पण इलेक्ट्रॉन स्थिर नसतो. त्याची स्वतःची गती धरली की मोठ्या वेगाला हा आकडा ५/३ पट होतो, म्हणजे ०.१४६. तुझ्या एक लाख ट्रॅजेक्टरींनी नेमकं हेच शोधून काढलं.

आता उरलेला भाग कुठे गेला? लांबून जाणाऱ्या प्रोटॉनमध्ये. समज, प्रोटॉन ५ बोहर त्रिज्यांवरून निघून गेला. इलेक्ट्रॉनला आडवा धक्का मिळतो तो सुमारे ०.०६३ अणुएककांचा (म्हणजे वेग बोहर वेगाच्या ०.०६३ पटीने बदलतो). इलेक्ट्रॉन नेमका त्याच दिशेने चालला असला तरी त्याची ऊर्जा वाढते जेमतेम पावणेदोन इलेक्ट्रॉन-व्होल्टनी, आणि सुटायला लागतात १३.६. अभिजात जगात विषय संपला. म्हणूनच कमाल इम्पॅक्ट पॅरामीटर वाढवून तुझा आकडा हलला नाही: तिथे आयनीकरण जवळजवळ शून्यच आहे.

पुंज यामिकीत तसं होत नाही. सगळ्या अणूंची सरासरी काढली तर त्या अंतरावर प्रत्येकी मिळणारी ऊर्जा दोन्ही सिद्धांतांत सारखीच येते, साधारण ०.०५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. वाटणी मात्र वेगळी होते. एक लिटर दूध गल्लीतल्या प्रत्येक घरात चमचा-चमचा वाटायचं, की एकाच घरी अख्खी पिशवी द्यायची, एवढाच फरक. अभिजात अणू प्रत्येक जण चमचाभर घेतो आणि कोणाचंच काही होत नाही. पुंज यामिकीत बहुतेक अणूंना काहीच मिळत नाही, पण हजारात तीन-चार अणू पूर्ण १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट किंवा त्याहून मोठी उडी घेतात. त्यातले काही नुसते उत्तेजित होतात, काहींचा इलेक्ट्रॉन सुटतो.

ही लांबची टक्कर कुठपर्यंत पोचते? प्रोटॉन निघून जायला लागणारा वेळ इलेक्ट्रॉनच्या स्वाभाविक काळाइतका होईपर्यंत. १ एमईव्हीला ते अंतर १२ बोहर त्रिज्यांच्या आसपास येतं, आणि वेग वाढला की तेही वाढतं. बेथे सूत्रातला लॉगॅरिथम इथूनच येतो. अभिजात क्रॉस सेक्शन ऊर्जेच्या व्यस्त प्रमाणात घसरतो, खरा त्याला लॉगॅरिथमने गुणून घसरतो. १० एमईव्हीला चालवून बघ, तफावत आणखी वाढलेली दिसेल.

प्रकल्पात नुसता एकूण आकडा देऊ नकोस. आयनीकरणाची संभाव्यता गुणिले इम्पॅक्ट पॅरामीटर, हे इम्पॅक्ट पॅरामीटरसमोर मांडून आलेख काढ आणि शेजारी पुंज यामिकीचा वक्र ठेव. जवळच्या टकरीत दोघे बऱ्यापैकी हातात हात घालून चालतात, आणि मग अभिजात वक्राची शेपटी तुटते. परीक्षकाला दुसरं काही समजावून सांगावं लागणार नाही.

आणि खरं नवल तर ६० केईव्हीसारख्या ठिकाणी पद्धत जुळते याचं आहे! दोन गोष्टी तिला वाचवतात. कुलोम बलाचं रदरफर्ड विकिरण दोन्ही यामिकींत तंतोतंत एकच येतं. आणि एकाच ऊर्जेच्या सगळ्या केप्लर कक्षांची सरासरी घेतली की इलेक्ट्रॉनच्या संवेगाचं वितरण हायड्रोजनच्या मूळ अवस्थेच्या पुंज वितरणाशी हुबेहूब जुळतं. स्थानाचं मात्र जुळत नाही: अभिजात इलेक्ट्रॉन २ बोहर त्रिज्यांपलीकडे जाऊच शकत नाही, आणि पुंज यामिकीत तो तिथे २४ टक्के वेळा सापडतो.

दीपक_प्लाझ्मा

वैशालीताईंनी छान उलगडून सांगितलंय. मी संलयनाच्या बाजूने थोडी भर घालतो. आमच्याकडे ही पद्धत रोजच्या कामाची आहे. इटर या आंतरराष्ट्रीय संलयन प्रकल्पासाठी भारत जो निदान-बीम (प्लाझ्मा तपासायचा कणांचा झोत) देणार आहे, तो १०० केईव्ही हायड्रोजनचा, म्हणजे प्रोटॉनचा वेग बोहर वेगाच्या दुप्पट. हा मधला पट्टा अभिजात पद्धतीचा हक्काचा. त्यात समोर सहापट भार असलेला कार्बन आयन असेल तर पुंज गणितात इतक्या अवस्था धराव्या लागतात की ते फार जड होतं. ओल्सन आणि सॅलॉप यांनी १९७७ साली बहुभारित आयनांसाठी हीच वाट धरली. फक्त खूप कमी ऊर्जेला, काही केईव्हीपर्यंत खाली आलं की पुन्हा जपून, तिथे आयनीकरणाचा आकडा भरवशाचा नाही.

तन्मय_एमएस्सी

ताई, ५/३ चा पडताळा करून पाहिला, २ आणि ४ एमईव्हीलाही जुळतोय! फार आभार. दीपकसर, १०० केईव्हीला कार्बन लगेच चालवायला घेतो. आणखी दोन शंका. काही ट्रॅजेक्टरीत एकूण ऊर्जा घसरते, त्या वगळल्या तर चालेल का? आणि पुढे हेलियम करायचा आहे, त्यात दुसरा इलेक्ट्रॉन फक्त वाढवायचा ना?

वैशाली_प्र

वगळू मुळीच नकोस. त्या ट्रॅजेक्टरी यादृच्छिक नसतात, बहुतेक सगळ्या लांबुळक्या कक्षांच्या असतात. उत्केंद्रतेचा (कक्षेच्या लांबुळकेपणाच्या मापाचा) वर्ग ० ते १ मध्ये सारखा वाटलेला असतो (उत्केंद्रता नव्हे, तिचा वर्ग, एवढं कोडमध्ये बघून घे), त्यामुळे शंभरात दोन कक्षांची उत्केंद्रता ०.९९ च्या वर जाते. असा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून ०.०१ बोहर त्रिज्येवर येतो तेव्हा त्याचा वेग बोहर वेगाच्या १४ पट असतो, आणि स्थिर टाइम स्टेप तिथे मोडते. त्या वगळल्यास तर तुझं सुरुवातीचं वितरणच बिघडेल, आणि संवेगाचं जुळणं त्यावरच उभं आहे. बदलती टाइम स्टेप घे, आणि तरीही जी घसरेल ती त्याच रँडम सीडवरून आणखी बारीक पायरीने पुन्हा चालव. खगोलवाले वापरतात ते कुस्टानहाइमो-श्टीफेल रूपांतर (केंद्रकाजवळची समीकरणं सौम्य करणारा चलांचा बदल) घातलंस तर हा त्रास मुळातच जातो. थोडं बीजगणित आहे, पण ते करण्यासारखं आहे.

हेलियमचं इतकं सोपं नाही. अभिजात हेलियम टिकतच नाही. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, एक केंद्रकाजवळ खोल उतरतो आणि त्याची सुटलेली ऊर्जा घेऊन दुसरा बाहेर फेकला जातो. प्रोटॉन पोचण्याआधीच तुझं आयनीकरण झालेलं असेल. किर्शबाउम आणि विलेट्स यांनी १९८० साली संवेगावर अवलंबून असलेलं एक कृत्रिम विभव घालून अणू स्थिर केला, पण एमएस्सीच्या वेळेत मी त्या वाटेला जाणार नाही.

तू एकच इलेक्ट्रॉन हलता ठेव, बंधनऊर्जा २४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धर, आणि दुसऱ्याचा परिणाम केंद्रकाच्या झाकलेल्या विभवात (दुसऱ्या इलेक्ट्रॉनमुळे कमी झालेल्या ओढीत) घाल. मात्र विभव शुद्ध कुलोम राहिलं नाही की केप्लरचं समीकरण सुरुवात करायला चालत नाही. त्यासाठी राइनहोल्ड आणि फाल्कॉन यांची १९८६ सालची रीत आहे, कुठल्याही केंद्रीय विभवाला चालणारी. ती आधी हायड्रोजनवर चालवून तुझे आत्ताचे आकडे परत येतात का बघ, मग हेलियमला हात घाल.