फॅमिली डेला सिम्कोच्या बर्फावर कोण कोण?

प्रेषक: ब्रॅम्प्टनचा नवा मेंबर

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत बॅरीचे अण्णा भेटले आणि ताट हातात येईपर्यंत आम्ही फक्त माशांवर बोललो. मी पुण्याचा. शाळेत असताना खडकवासल्याला गळ घेऊन बसायचो. मिळाली तर चिलापी, नाहीतर घरी गेल्यावर बोलणी. कॅनडातला पहिला हिवाळा खिडकीतून बघण्यात गेला, पण यंदा मुलं ऐकायला तयार नाहीत.

फेब्रुवारीत फॅमिली डेच्या सुट्टीच्या विकेंडला ओंटारियोत लायसन्सशिवाय मासेमारी करता येते असं कळलं. आमची चार कुटुंबं तयार आहेत. सिम्को लेकवर नेमकं कुठे जायचं, कुणी पिन पाठवेल का? गळ किती खोल सोडायचा? आमिष काय लावायचं? आणि बर्फाला भोक पाडायचं गिरमिट विकतच घ्यावं लागतं का?

आगाऊ धन्यवाद.

प्रेषक: अण्णा, बॅरी

बाळा,

चार प्रश्न विचारलेस, त्यातल्या तीनची उत्तरं देतो. पिन मिळणार नाही. यात राग-लोभ काही नाही. बर्फावर शेजारचा अनोळखी माणूस तुला गरम सूप देईल, स्वतःची जिग, म्हणजे वजन लावलेला गळ, काढून देईल, तुझी गाडी रुतली तर ढकलायला येईल. जागा मात्र सांगणार नाही. आपल्याकडे खेकड्याचं बीळ सख्ख्या भावाला दाखवत नाहीत, त्यातलाच प्रकार. इथल्या लोकांचे फोटो जरा नीट बघ: मासा स्पष्ट, माणूस हसरा आणि मागचा किनारा कापलेला. एकदा का जागा फोनवरून फिरली की पुढच्या शनिवारी तिथे जत्रा भरते, शंभर गिरमिटं घरघरतात आणि मासा तिथून हलतो. तेव्हा हे कंजूषपणाने होत नाही, निदान सगळं तरी नाही.

आता कामाचं. मुलं बरोबर असतील तर दक्षिणेकडच्या कुक्स बेकडे जा. केसविक, गिलफर्ड, लेफ्रॉय ही त्या बाजूची गावं. पाणी उथळ, तळाला पाणवनस्पती, त्यामुळे पर्च आणि पाइक. दहा-बारा फुटांपासून वीस-पंचवीस फुटांपर्यंत बघत जायचं. आमच्या बॅरीच्या बाजूचा केम्पेनफेल्ट बे खोल आहे. सिम्कोची सर्वात जास्त खोली साधारण ४१ मीटर, ती याच बाजूला. तिथे लेक ट्राउट आणि व्हाइटफिश. पण त्यासाठी तास-तास बसायची तयारी हवी, आणि आठ वर्षांचं पोर तास-तास बसत नाही. गाडी नसेल तर गो ट्रेनने अलांडेल वॉटरफ्रंटला उतर, स्टेशन खाडीच्या अगदी काठावर आहे. टोरंटोहून बर्फावर मासे धरायला रेल्वेने येता येतं याची मला अजून गंमत वाटते.

गिरमिट विकत घेऊ नकोस. पहिल्या वेळी हट, म्हणजे बर्फावरची छोटी खोपी, भाड्याने घ्या. ऑपरेटर स्नोमोबिलने आत नेऊन सोडतात, भोकं पाडलेली असतात, आत हीटर पेटलेला असतो. हटची वरची झरोक्याची फट बोळा कोंबून बंद करायची नाही, प्रोपेनचा धूर कुणाला कळत नाही. आमिष म्हणून मिनो, म्हणजे बारीक मासे, तिथेच मिळतात. पावती खिशात ठेव आणि उरलेले मिनो तळ्यात ओतू नकोस, ते बेकायदा आहे. २०२२ पासून एका विभागातले आमिषाचे मासे दुसऱ्या विभागात न्यायलाही बंदी आहे.

बर्फावर एकाला दोन दोऱ्या टाकता येतात, पण त्या नजरेसमोर आणि साठ मीटरच्या आत हव्यात. फुकटच्या विकेंडला मोजके मासे ठेवायची मर्यादा लागू असते, ती आधी वाचून या. लायसन्स नाही म्हणजे नियम नाहीत असं समजून येणारे दरवर्षी भेटतात, आणि वॉर्डनसाहेबही दरवर्षी भेटतात. मी पासष्टी ओलांडली आहे, मला ओळखपत्र खिशात असलं की पुरतं. म्हातारपणाचा हा एक फायदा कुणी सांगत नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं. स्वच्छ निळा बर्फ चार इंच असला की एक माणूस चालतो असं जुने लोक सांगतात. कुटुंब घेऊन मी सहाच्या खाली पाय टाकत नाही. पांढरा, हिम मुरून झालेला बर्फ असेल तर त्याची ताकद निम्मी धरायची. हातात पहार ठेवायची आणि पुढे आपटत चालायचं. पोकळ आवाज आला की मागे. ओरिलियाच्या बाजूला, जिथे सिम्कोचं पाणी अरुंद वाटेने कूचिचिंग तळ्यात जातं, त्या ॲथर्ली नॅरोजजवळ तर फिरकूच नका, खालून ओढ असते. २०२४ च्या हिवाळ्यात बर्फ धड धरलाच नव्हता, ऑपरेटरांचा हंगाम बुडाला. त्यामुळे हॉटेलचं बुकिंग करण्याआधी ऑपरेटरला फोन करा.

– अण्णा

प्रेषक: स्कारबरोचे भाऊ

काय रे, पिन कसली मागतस? अण्णांनी माका धा वर्सांत दिली नाय, तुका देतले?

आता शुद्ध बोलतो, नाहीतर मंडळाचे सेक्रेटरी पत्र पाठवतील.

अण्णांनी सगळं सांगितलं, पण मासा लागला हे कळतं कसं ते सांगितलं नाही. आम्ही मालवणात खडकावर बसून गरवायचो तेव्हा मासा दोरीला हिसका द्यायचा, हात जागा व्हायचा. पर्च तसलं काही करत नाही. थंड पाण्यात तो सुस्त असतो. आमिष तोंडात घेतो, चाखतो, थुंकतो, आणि तू वर कॉफी पीत असतोस. म्हणून छोट्या रॉडच्या टोकाला तारेची बारीक स्प्रिंग लावतात. ती आमिषाच्या वजनाने किंचित वाकलेली असते. सगळे वाट बघतात ती खाली जाण्याची. पण कितीदा पर्च खालून येतो, आमिष तोंडात धरून वर उचलतो, आणि वजन गेल्यामुळे स्प्रिंग सरळ होते. वर गेली की ओढायचं. हे मला कुठल्या व्हिडिओने शिकवलं नाही.

शिकवलं शेजारच्या हटमधल्या एका इटालियन आजोबांनी. इंग्रजी त्यांचं कच्चं आणि माझंही त्या थंडीत जड झालेलं. मी कोरडाच बसलो होतो, ते बादली भरत होते. थोड्या वेळाने ते न बोलता उठून आले, माझ्या भोकाशी गुडघ्यावर बसले, माझी स्प्रिंग पुढे सरकवून मऊ केली, गळावरचा मिनो काढून फक्त त्याचं मुंडकं लावलं आणि बोट वर करून दाखवलं: वर, वर. मग परत गेले. दुपारी त्यांनी कागदात गुंडाळलेलं सॉसेज दिलं, मी बायकोने दिलेला सुक्या जवळ्याचा डबा उघडला. त्यांनी वास घेतला, डोळे मिटले आणि अर्धा डबा संपवला. सुक्या मासळीचं जगात सगळीकडे असंच असतं, एक तर माणूस पळतो नाहीतर गळ्यात पडतो.

त्यांचं नाव मला अजून माहीत नाही. दर हिवाळ्यात भेटतो, हात वर करतो. जागा? ते आपल्या हटची जागा रात्रीत बदलतात आणि सकाळी मला विचारतात, काल कुठे होतास. मी पण भलतीकडे हात दाखवतो.

प्रेषक: मिल्टनच्या काकू

सर्वांना नमस्कार.

आमच्या घरी अंडंसुद्धा येत नाही, तरी हा धागा मी वाचते आहे कारण आमच्या ह्यांनाही तिकडे यायचं आहे, "नुसतं बघायला".

एक विचारू? खाण्यासाठी मासा धरला हे मला समजतं. आमच्या शेजारी कोळ्यांची घरं होती, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. पण धरायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा हे कसलं? त्या बिचाऱ्याच्या तोंडात आकडा घालून खेळ करायचा आणि वर "आम्ही दया केली" म्हणायचं? मुलांना यातून काय शिकवणार आहात? टोमणा नाही, खरंच विचारते आहे.

प्रेषक: अण्णा, बॅरी

काकू,

तुमचा प्रश्न बर्फावरच्या लोकांनाही पडतो. त्यावर भांडणंही होतात, फक्त तिथे कुणी "खरंच विचारते आहे" असं म्हणत नाही.

सोडलेला मासा जगतोच असं नाही, हे आधी कबूल. पर्चला पोटातल्या पिशवीतली हवा पटकन बाहेर टाकता येत नाही. दहा-पंधरा फुटांवरून आला तर ठीक. साठ फुटांवरून भसकन वर ओढला तर ती हवा फुगते, कधी पोट तोंडातून बाहेर आलेलं दिसतं. तो सोडला तरी उलटा तरंगतो. म्हणून खोल पाण्यात पर्च लागायला लागले तर शहाणा माणूस हवे तेवढे ठेवतो आणि उठतो. "अजून मोठा मिळेल" म्हणत धरत-सोडत बसत नाही. लेक ट्राउटचं वेगळं, त्याची पिशवी घशाशी जोडलेली असते, वर येताना तो बुडबुडे सोडतो, ते भोकातून दिसतात. शिवाय उणे पंधरात वारा असेल तर माशाचे कल्ले क्षणात गोठतात. म्हणजे फोटोसाठी बर्फावर आपटून ठेवला तर तुमचा आक्षेप शंभर टक्के बरोबर. सोडायचाच असेल तर ओल्या हाताने, भोकाच्या वरच, आणि लगेच.

मग सोडतात तरी का, तर तळ्याची परिस्थिती तशी आहे म्हणून. सिम्कोत शेतांचं आणि गावांचं फॉस्फरस इतकं उतरलं की खोल पाण्यातला प्राणवायू कमी पडला आणि ट्राउटची पिल्लं जगेनाशी झाली. पुढे कित्येक वर्षं सरकारने हॅचरीतले मासे सोडून तळं राखलं. तसा मासा हातात आला तर त्याचा एक पर कापलेला दिसतो, ती खूण. २००८ साली या एका तळ्यासाठी प्रांताने वेगळा कायदा केला. फॉस्फरस वर्षाला ४४ टनांवर आणायचं असं त्यानंतरच्या आराखड्यात ठरलं. हेरिंगची मासेमारी तर २००१ मध्ये बंदच केली होती, ती २०१५ मध्ये उघडली. आम्ही जुने लोक ती उघडेपर्यंत थांबलो, कुणी चोरून धरलं तर त्याच्याशी बोलणं टाकलं. बर्फावर पोलीस कमी, पण बहिष्कार कडक.

तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. मी खाण्यापुरते धरतो आणि गळ गुंडाळतो. आमच्यातले काही तसं करत नाहीत आणि तरी माझे मित्र आहेत.

जाता जाता, ज्या ॲथर्ली नॅरोजजवळ जाऊ नका म्हटलं, तिथेच पाण्याखाली लाकडी खुंट रोवलेले मासेमारीचे बांध सापडले आहेत, साडेचार हजार वर्षांहून जुने. मूळ रहिवासी तिथे मासे धरायला जमायचे, त्याच वेळी सोयरिकी, व्यापार, तह. १६१५ मध्ये फ्रेंच प्रवासी शांप्लेन आला तेव्हाही ते बांध वापरात होते. जवळच्या रामा वस्तीतल्या अनिशिनाबे या मूळ रहिवाशांकडे आज त्यांची राखण आहे. उन्हाळ्यात या, दाखवतो. ती पिन देतो.

प्रेषक: ओकव्हिलची ताई

अण्णा, भाऊ, पुरुषमंडळींचं झालं असेल तर थोडं स्वयंपाकाचं बोलू.

मी अलिबागची. लग्न होऊन आले तेव्हा इथला तळ्यातला मासा तोंडात धरवत नव्हता, समुद्राची सवय. भाऊंच्या घरी पहिल्यांदा पर्च खाल्ला तेव्हा मत बदललं. लहान मासा, पांढरं मांस, चिखलाचा वास नाही. खवलं मात्र चिवट, म्हणून खवलं काढत बसू नका. डोक्यामागून चीर देऊन कण्याच्या कडेने सुरी चालवायची, तुकडा उलटा टाकून कातडी सोडवायची. बोटाएवढ्या दोन फोडी निघतात. हळद, मीठ, लिंबू, आपला मसाला, वरून रवा. तेल कडकडीत हवं आणि फोडी तव्यावर फार ठेवायच्या नाहीत, लगेच कोरड्या पडतात. पाठीवरच्या काट्यापासून मुलांचे हात जपा, हातमोज्यातूनही घुसतो.

मोठा पाइक किंवा ट्राउट मिळाला म्हणून मुलांना रोज वाढू नका. मोठ्या, शिकारी माशात पारा साठतो. कोणत्या तळ्यातला किती लांबीचा मासा महिन्यातून किती वेळा खावा हे ओंटारियो सरकार प्रसिद्ध करतं, गर्भवती बायका आणि लहान मुलांचे आकडे वेगळे दिलेले असतात. त्या तक्त्यात सिम्को शोधा आणि फ्रीजला लावा.

आणि एक. गेल्या वेळी सगळ्यात जास्त पर्च कुणी काढले होते ते भाऊंनी का लिहिलं नाही?

प्रेषक: स्कारबरोचे भाऊ

ताईने काढले होते. वारा तिच्या बाजूने होता.

प्रेषक: ब्रॅम्प्टनचा नवा मेंबर

अण्णा, भाऊ, ताई, खूप आभार. बायकोने पारा वाचून तक्ता आधीच छापला. आमची चार कुटुंबं, मुलं धरून पंधरा जण, दोन हट लागतील. ऑपरेटरशी बोलून तुम्हाला कळवतो, बर्फ नसेल तर पैसे परत देतात ना हेही विचारून घेतो.

भाऊ, तारेची स्प्रिंग कुठल्या दुकानात मिळते? दुकान तरी सांगाल ना?

प्रेषक: मिल्टनच्या काकू

अण्णांचं उत्तर पटलं असं म्हणणार नाही, पण सरळ दिलंत हे आवडलं. पर कापलेल्या माशाचं नातवाला सांगितलं, तो आता गाडीत बसूनच आहे.

तर आम्हीही येतो, पाच जण. गळ धरणार नाही. साबुदाणा वडे आणि बटाटा भजी माझ्याकडे. हटमध्ये हीटर आहे म्हणता, तर त्याच्यावर कढई ठेवता येईल का, की घरून तळून आणू? आणि ताईचा तवा माझ्या भज्यांपासून लांब ठेवायचा, हे आत्ताच सांगून ठेवते.

प्रेषक: अण्णा, बॅरी

काकू, बंद हटमध्ये कढई अजिबात नको. घरून तळून आणा, हीटरजवळ डबा ठेवला की गरम राहतो. पन्नासेक जास्तच आणा. तुमच्या भज्यांचा वास बाहेर गेला की आजूबाजूच्या हटमधली माणसं कुठल्या ना कुठल्या निमित्ताने दारात येणार आहेत.