मदत हवी आहे : खोली गार होण्याआधीच एसीचा कॉम्प्रेसर थांबतो, दोष सेन्सरचा की पीसीबीचा (एसीतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रण बोर्डाचा)?

नमस्कार. कोल्हापुरात राजारामपुरी भागात आमच्या घरी दीड टनाचा, इन्व्हर्टर नसलेला स्प्लिट एसी आहे. रिमोटवर २४ अंश ठेवले तरी भिंतीवरच्या तापमापकात ३०-३१ अंश दिसत असतानाच कॉम्प्रेसर थांबतो आणि खोली पुन्हा चांगली तापल्याशिवाय सुरू होत नाही. पंखा मात्र चालूच राहतो. रिमोट १८ वर नेला की खोली २५ अंशांपर्यंत व्यवस्थित गार होते. फिल्टर धुतलेला आहे, तांब्याच्या नळीवर बर्फ धरत नाही, त्यामुळे गॅस कमी झाला असेल असे मला वाटत नाही.

मेकॅनिकने मल्टिमीटर न लावताच पीसीबी बदलण्याचा सल्ला दिला. तो खर्च मोठा असल्याने मी एमसीबी बंद करून इनडोअर युनिटचे झाकण उघडले आणि दोन्ही सेन्सरचे कनेक्टर पीसीबीवरून काढून मोजणी केली. या एसीत दोन्ही सेन्सर एकाच प्रकारचे, म्हणजे २५ अंशांना १० किलोओहम रोध असणारे आहेत. सकाळी, एसी बंद असताना, खोलीत २९ अंश होते. त्या वेळी कॉइलच्या सेन्सरने ८.४ किलोओहम दाखवले, तर खोलीची हवा मोजणाऱ्या सेन्सरने ११.३. तापमान वाढले की या सेन्सरचा रोध कमी होतो, हे लक्षात घेता ११.३ चा अर्थ पीसीबीच्या लेखी खोलीत साधारण २२ अंशच आहेत असा होतो. मग तो कॉम्प्रेसर थांबवणारच!

पडद्यावर एरर कोड मात्र कोणताही येत नाही, आणि मेकॅनिकचा सारा भर नेमका त्यावरच आहे. सेन्सर खराब असता तर कोड आलाच असता, हे म्हणणे कितपत बरोबर आहे? आणि असा सुटा सेन्सर शाहूपुरी-लक्ष्मीपुरीकडच्या दुकानांत मिळू शकेल का?

उत्तर १

आपली मोजणी योग्य दिशेने गेली आहे. एरर कोड सहसा सेन्सरची तार तुटली किंवा दोन तारा एकमेकींना चिकटल्या तरच येतो; रोध थोडा सरकला तर पीसीबी ते वेगळे तापमान समजून निमूटपणे मान्य करतो. त्यामुळे कोड नाही म्हणजे सेन्सर ठीक आहे, असे मुळीच नाही.

तथापि सेन्सर विकत घेण्याआधी एक चाचणी करावी. भरपूर बर्फ घातलेल्या पाण्यात दोन्ही सेन्सरची फक्त धातूची टोके काही मिनिटे धरावीत. कनेक्टर भिजू देऊ नयेत. चांगला सेन्सर तेथे ३२-३३ किलोओहम दाखवेल. दुसरा ३५-३६ च्या आसपास थांबला, म्हणजे फरक सकाळइतकाच तीनेक किलोओहमचा राहिला, तर थर्मिस्टर (सेन्सरमधला, तापमानानुसार रोध बदलणारा भाग) चांगला असून वाढीव रोध जोडणीत आहे. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणाने कनेक्टरच्या पिना काळ्या पडतात, तसे झाले असल्यास पिना साफ करून पुन्हा मोजावे. पण आकडा ४३-४४ वर गेला, तर रोध त्याच प्रमाणात वाढला असल्याने सेन्सरच बाद समजावा.

दुकानात नुसते ‘एसीचा सेन्सर’ असे मागू नये. जुना नमुना सोबत न्यावा. पाच किलोओहमचाही सेन्सर अगदी तसाच दिसतो, आणि तो बसवला तर पीसीबीला खोली चाळिशीच्या आसपास तापल्यासारखी वाटून कॉम्प्रेसर थांबणारच नाही.

धागाकर्ता

आभारी आहे. बर्फाच्या पाण्यात कॉइलचा सेन्सर ३२.५ आणि खोलीचा ४३.८ आला. पिना स्वच्छ आहेत. आता सेन्सर बदलतो. तो बसवताना जागेविषयी काही काळजी घ्यावी लागते का?

उत्तर २

होय. खोलीचा सेन्सर कॉइलच्या पुढे, आत येणाऱ्या हवेत, त्याच्या प्लॅस्टिकच्या खाचेतच बसला पाहिजे. तो सुटून कॉइलच्या पत्र्यांना टेकला, तर नवा सेन्सर असूनही कॉम्प्रेसर आजच्यासारखाच लवकर थांबेल.