स्वस्त गोळी म्हणजे हलका माल नव्हे

कॅन्सरचं स्वस्त जेनेरिक, म्हणजे मूळ कंपनीऐवजी दुसऱ्या कंपनीने बनवलेलं तेच औषध, हा हलका माल, असं काहींचं म्हणणं आहे. मला ते अजिबात पटत नाही. आमच्या काकीला सीएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. देवगडला घरी राहून रोज जेवणासोबत इमॅटिनिबची गोळी घेते, जेनेरिकच. तीन महिन्यांनी रक्त तपासतो, रिपोर्ट चांगले येतात. २०१३ साली सुप्रीम कोर्टाने नोव्हार्टिस या मूळ कंपनीला या गोळीचं पेटंट, म्हणजे एकटीनेच बनवायचा हक्क, दिलं असतं, तर महिन्याला लाखाच्या वर मोजायला आमची आंब्याची कलमं पुरली नसती.

दर्जाची काळजी मात्र हवीच. एका दुकानात बिलाशिवाय कापलेली पट्टी हातात ठेवली, बॅच नंबर गायब! तशीच परत केली. आणि पावसाळ्यात आपल्याकडे मिठालाही पाणी सुटतं, म्हणून गोळी आयत्या वेळीच पट्टीतून काढा.