दुसऱ्या पिढीची स्विफ्ट (२०१३) घ्यावी का? पेट्रोल की डिझेल?

घाटवाट_सातारा:
नमस्कार मंडळी, पहिलीच गाडी घेतोय. घरात आम्ही दोघं, दोन पोरं आणि आई. दोन स्विफ्ट बघून आलोय, दोन्ही २०१३ च्या, म्हणजे २०११ ला आलेलं दुसरं मॉडेल. एक पेट्रोल व्हीएक्सआय, एक डिझेल व्हीडीआय. रोज एमआयडीसीला जाऊन येऊन २० किमी आणि महिन्यातून एकदा गावी पाटणला. आईचे गुडघे दुखतात, तिला बसायला जमेल का हीच जास्त काळजी आहे. डिझेलवाला एजंट म्हणतोय ॲव्हरेज भारी, डोळे झाकून घ्या. काय करू?

डिझेलवाला_दादा:
माझ्याकडे २०१२ ची डिझेल आहे, अजून जीव आहे गाडीवर. १२४८ सीसीचं मूळ फियाटचं इंजिन, १९० एनएम टॉर्क, म्हणजे ओढ भरपूर. २००० आरपीएमच्या खाली जरा सुस्त वाटते पण एकदा टर्बो लागला की पाचजण बसवून पसरणी घाट तिसऱ्यावर चढते. तरीही तुम्हाला सांगतो, रोजच्या २० किमीला डिझेल घेऊ नका, पेट्रोलच घ्या, १.२ चं के सिरीज इंजिन एकदम स्मूथ आहे.

वाईची_ताई:
भाऊ, आईंना पुढेच बसवा. पहिल्या स्विफ्टपेक्षा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ४० मिमी वाढवलाय पण मागच्या काचा लहान आणि वर चढत गेलेल्या, माझ्या सासूबाईंना मागे कोंडल्यासारखं व्हायचं. पुढे बसल्या की खूश. आणि डिकी फक्त २०४ लिटरची, गावाहून तांदळाचं पोतं आणलं की बॅगा मांडीवर.

गॅरेजवाले_आप्पा:
पेट्रोल डिझेल नंतर बघा, आधी एअरबॅग आहेत का बघा. २०१४ ला ग्लोबल एनकॅप या गाड्यांची टक्कर-चाचणी करणाऱ्या संस्थेने बिनएअरबॅगची हीच स्विफ्ट ठोकून बघितली तेव्हा मोठ्यांच्या सेफ्टीला शून्य स्टार मिळाले होते. झेडएक्सआय या वरच्या पेट्रोल मॉडेलला दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक न होणारी सिस्टिम) मिळतं, चार पैसे जास्त गेले तरी तीच शोधा, लेकरं बसणार आहेत गाडीत. दुसरं, २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी गाड्या बुडाल्या होत्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, स्टेपनीखालचा मॅट उचला, पॉलिश करणारा तिथवर पोचत नाही. आणि २०१३ ची आरसी २०२८ ला संपणार, मग परत पासिंग आणि पर्यावरण कर, तो हिशोब धरूनच भाव करा.

घाटवाट_सातारा:
आप्पा, आज परत गेलो होतो. डिझेलच्या मागचा बेल्ट पूर्ण ओढला तर शेवटच्या वीतभर पट्टीवर वाळलेल्या चिखलाची रेघ, वरचा भाग नव्यासारखा. एजंट काहीच बोलला नाही. ती सोडली. व्हीएक्सआयला एअरबॅग नाहीत, तीही नको. आता कराडला एक झेडएक्सआय आहे म्हणे, रविवारी आईला घेऊनच जातो, आधी तिलाच पुढे बसवून बघतो.